उपरण्याखालचा सौदा : खासगीपणाच्या कायद्याची पार्श्वभूमी

मिरजेतल्या दवाखान्यापासून सांगलीतल्या क्लासपर्यंत, लोकांची नावं-नंबर कॉम्प्युटरवर साठवणाऱ्या जवळपास सगळ्यांना लागू होणारा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य बंधनांसाठी तिथून पुढे आणखी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. स्मार्टफोन घराघरांत पोचून इतकी वर्षं झाल्यावर कायदा का आला, याचं उत्तर बरंच मागे जाऊन शोधावं लागतं.

आपल्याकडे पाळत म्हटलं की सरकार आणि पोलीस, एवढंच चित्र होतं. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारला तारा अडवून वाचायची मुभा दिली. पुढे टेलिफोन ऐकण्यासाठीही तोच कायदा वापरला गेला. १९४३ ते ४६ या काळात साताऱ्याच्या प्रतिसरकारचे कार्यकर्ते भूमिगत राहू शकले ते गावांनी तोंड बंद ठेवलं म्हणून. आजच्या सांगलीचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. कुणाच्या माळ्यावर कोण झोपलंय हे गावाला ठाऊक असायचं, फक्त फौजदाराला ते कळायचं नाही.

स्वातंत्र्यानंतरही कायद्याने फारसा आधार दिला नाही. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग यांच्यावर दरोड्याचा आरोप होता. पुराव्याअभावी ते सुटले, तरी पोलीस रात्री-अपरात्री दार ठोठावत राहिले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या फेऱ्या बेकायदा ठरवल्या, पण खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला हक्क नाही, असंही बहुमताने सांगितलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं. त्याचं वजन कळायला पुढे पन्नासहून अधिक वर्षं गेली. १९९६ मध्ये फोन टॅपिंगवर न्यायालयाने अटी घातल्या, तरी तोवरही विचार चालला होता तो सरकारी कानाचाच.

मधल्या काळात पाहणारा बदलला. सरकारच्या जोडीला आपल्या माहितीवर जाहिराती विकून कमावणाऱ्या कंपन्या आल्या. नव्या पाहणाऱ्याला दार ठोठवावं लागत नव्हतं, कारण कडी आपणच काढून देत होतो.

ही कमाई कशी चालते हे खरसुंडीच्या बाजारात खिलार बैलाचा सौदा पाहिलेल्याला चटकन कळेल. हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरवतात. भोवतालच्यांना पत्ता लागत नाही. मोबाइलवर एखादं पान उघडताना जाहिरातीच्या जागेचा लिलाव असाच होतो, सेकंदाच्याही लहानशा भागात. हा माणूस कुठे राहतो, काल काय शोधत होता, कुठला फोन वापरतो यावर बोली लागते. फरक एवढाच, की इथे बैलाच्या जागी आपण आहोत. बैलाला निदान आपण बाजारात आलोय हे तरी कळत असावं.

२०१६ साल या सगळ्यात महत्त्वाचं. त्या एप्रिलमध्ये व्हॉट्सअॅपने सगळे संदेश कुलूपबंद केले. मजकूर कंपनीलाही वाचता येणार नाही असं सांगितलं आणि ते खरंच आहे. पण कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोलतो आणि फोनमध्ये कुणाचे नंबर आहेत, ही माहिती त्या कुलपाबाहेर राहते. २५ ऑगस्टला त्याच व्हॉट्सअॅपने खात्यांची काही माहिती मालक कंपनी फेसबुकला देणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर अकरा दिवसांनी जिओ आलं. फुकट इंटरनेटच्या आनंदात ते कलम वाचतो कोण? दोन विद्यार्थी मात्र दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

दुसरी वाट आधारची. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारला आव्हान दिलं. सरकारने खासगीपणाला हक्क न मानणारे १९५४ आणि १९६२ चे जुने निकाल पुढे केले, म्हणून नऊ न्यायमूर्तींचं घटनापीठ बसवावं लागलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं या पीठाने एकमताने मान्य केलं. पुढच्या वर्षी सिमकार्डाला आधार जोडायची सक्ती गेली.

त्याच २०१८ मध्ये केंब्रिज अॅनालिटिकाचं प्रकरण उघडकीला आलं. फेसबुकवरच्या एका अॅपने ते घेणाऱ्यांची आणि त्यांच्या मित्रांचीही माहिती उचलली आणि ती या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली. फेसबुकच्या हिशेबाने ते अॅप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. झळ पोचू शकलेले भारतीय मात्र सुमारे ५ लाख ६२ हजार. मित्राने होकार दिला आणि माहिती आपली गेली! झटपट कर्जाच्या अॅपांनी हीच युक्ती वापरली. कर्ज घेणाऱ्याच्या फोनमधले नंबर उचलायचे आणि हप्ता चुकला की मेहुण्याला, भावकीला फोन करून अब्रू काढायची. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या अॅपांना संपर्क यादीला हात लावायला मनाई केली.

कायदा मात्र रेंगाळला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१८ चा, विधेयक २०१९ चं, ते मागे घेतलं २०२२ मध्ये. २०२१ च्या ‘मान्य करा नाहीतर सोडा’ छापाच्या धोरणाबद्दल व्हॉट्सअॅपच्या मालक कंपनीला नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३ कोटींचा दंड झाला तोही स्पर्धा आयोगाकडून, म्हणजे बाजारातल्या दांडगाईबद्दल.

नव्या कायद्यात दंडाची मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागेल. पण सरकारला आपल्या यंत्रणा यातून वगळता येतात. खरक सिंग यांच्या दारातला पोलीस बऱ्याच अंशी जागेवरच आहे, हे माझ्या मते या कायद्याचं सर्वांत मोठं उणेपण. दाद मागायची ती डेटा संरक्षण मंडळाकडे. त्याचं काम ऑनलाइनच चालणार असल्याने आटपाडीच्या माणसाला त्यासाठी दिल्लीची गाडी धरावी लागणार नाही. मात्र आधी ज्या कंपनीबद्दल तक्रार आहे, तिच्याकडेच गाऱ्हाणं मांडून यावं लागेल.