टेम्पॉल ‘मेलेलं’ आलं असं कळवण्याआधी

टेम्पॉल म्हणजे एमआरआयच्या चित्रात सॅम्पल उजळवणारा पदार्थ. त्याच्या प्रत्येक कुपीबरोबर हा कागद घालायला लागलो, कारण तोच फोन पुन्हा पुन्हा येतो: “तुमचा माल मेलेला आला, एमआरआयमध्ये काहीच उजळत नाही.” माल मेलेला नसतो. बहुतेक वेळा स्कॅनरपर्यंत पोचण्याआधीच तो काम उरकून बसलेला असतो.

आपल्या हाताला गॅडोलिनियमची, म्हणजे एमआरआय उजळवणाऱ्या नेहमीच्या धातूची, सवय असते. उजळवण्याचं काम विजोड (जोडीदार नसलेले) इलेक्ट्रॉन करतात. त्याच्या आयनात विजोड इलेक्ट्रॉन ७, आणि पेशीत क्षपण होवो वा ऑक्सिडीकरण, ते ७ च राहतात. टेम्पॉलसारख्या नायट्रॉक्साइडकडे विजोड इलेक्ट्रॉन एकच. क जीवनसत्त्वाने तो गाठला की हायड्रॉक्सिलअमाइन होतं आणि टी-वन कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रातला उजळपणा, जातो. तो किती वेगाने जातो हे बघायलाच तर तुम्ही हे मागवलंत! उंदीर क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतो, आपल्यासारखं लिंबू-आवळ्यावर अवलंबून नसतो. त्याच्या यकृतात टेम्पॉल विझणारच.

घोटाळा होतो तो वेळेचा. सकाळी टेम्पॉल ऊतीत मिसळलं, नळी बर्फात ठेवली, स्कॅनरवर नंबर लागला दुपारी. मिसळल्याची वेळ वहीत नाही, मिसळण्याआधीचं चित्रही नाही. मग दोष कुपीचा! कृपया स्कॅनरच्या दाराशीच मिसळा, वेळ सेकंदासकट लिहा, आणि आधीचं एक चित्र घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. कल्चर मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण) वापरत असाल तर त्यात क जीवनसत्त्व, म्हणजे एस्कॉर्बिक अ‍ॅसिड आहे का, तेही एकदा वाचा.

शंका उरलीच तर सोबतच्या छोट्या कुपीतलं पोटॅशियम फेरिसायनाइड विझलेल्या सॅम्पलमध्ये थोडं घाला. हायड्रॉक्सिलअमाइनचं पुन्हा नायट्रॉक्साइड होतं. सिग्नल परतला, तर माल ठीक होता. फेरिसायनाइडही किंचित पॅरामॅग्नेटिक असतं, म्हणजे त्याच्यातही विजोड इलेक्ट्रॉन असतो, म्हणून फेरिसायनाइड घातलेली पण टेम्पॉल न घातलेली एक नळी शेजारी ठेवा. फेरिसायनाइडात आम्ल मात्र चुकूनही घालू नका.

तयार द्रावण का देत नाही, असंही विचारतात. तुमचा बफर तुम्हाला ठाऊक, आम्हाला नाही, आणि १७.२ मिलिग्रॅम १ मिलिलिटरमध्ये विरघळवलं की १०० मिलिमोलर होतं, त्यासाठी द्रावणाचे पैसे कशाला मोजायचे? उघडलेली कुपी परत घेत नाही, कारण आत कुठला चमचा गेला हे आम्हाला कळत नाही. याचा काहींना राग येतो. पण तुम्हाला दुसऱ्याची उघडलेली कुपी चालेल का?

स्कॅनर लांब असेल, तर कार्बामॉइल-प्रॉक्सिल हे दुसरं नायट्रॉक्साइड मागवा. पाच अणूंचं कडं असल्याने ते टेम्पॉलपेक्षा सावकाश विझतं. महाग आहे, पण फुकट गेलेल्या स्कॅनर-तासापेक्षा स्वस्त.

दोन्ही पदार्थ फक्त प्रयोगशाळेसाठी. रुग्णाला टोचायचे नाहीत. ऑर्डर देताना सॅम्पल कुठलं आणि मिसळल्यापासून स्कॅनपर्यंत किती मिनिटं लागतात, एवढं लिहा. दोन्हीपैकी कुठलं पाठवायचं ते आम्ही फोनवर सांगू.