यकृताच्या कर्करोगाचा प्रतिबंध

यकृताच्या पेशींतच सुरू होणारा कर्करोग होऊ नये यासाठी करावयाचे उपाय. दुसऱ्या अवयवातून यकृतात पसरलेला कर्करोग येथे अभिप्रेत नाही. हा रोग पोटात बराच काळ मुकाट वाढतो आणि कळतो तेव्हा अनेकदा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. मात्र त्याची मुख्य कारणे चांगली ठाऊक आहेत : हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू, दारू, बुरशीतून येणारे अफ्लाटॉक्सिन हे विष, आणि लठ्ठपणा व मधुमेहाच्या सोबतीने येणारे फॅटी लिव्हर (यकृतात चरबी साठणे). यांतल्या प्रत्येकावर आज काही ना काही उपाय हाताशी आहे.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे हिपॅटायटिस बीची लस, आणि ती बाळाला जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत द्यायची असते. हिपॅटायटिस बीचा संसर्ग प्रौढपणी झाला तर बहुतेकांचे शरीर तो स्वतःच परतवते. बाळंतपणात आईकडून बाळाला झाला, तर दहांपैकी सुमारे नऊ बाळांत तो ठाण मांडून बसतो. अशा मुलाला कावीळ दिसतेच असे नाही. ते खेळते, शिकते, संसाराला लागते आणि कधी कधी चाळिशी-पन्नाशीत यकृताची गाठ निघते. त्यामुळे ‘आमच्याकडे कोणाला कधी कावीळ झाली नाही’ या भरवशावर राहू नये.

अमेरिकन संशोधक बारूच ब्लूमबर्ग यांना १९६०च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन आढळले. ते हिपॅटायटिस बीच्या विषाणूच्या आवरणाचा भाग निघाले. १९७६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रक्त तपासणीत या प्रथिनाला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणत आणि जुने डॉक्टर अजूनही तेच नाव घेतात. तैवानमध्ये २२,७०७ पुरुषांच्या पाहणीत (१९८१) असे दिसले, की रक्तात हे प्रथिन असलेल्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशेपटींहून अधिक होता.

तैवानने १९८४ मध्ये आधी संसर्ग असलेल्या मातांच्या आणि दोन वर्षांनी सर्वच नवजात बालकांना लस सुरू केली. राजधानी तैपेईतील मुलांमध्ये संसर्गाचे प्रमाण तेव्हा सुमारे १० टक्के होते. दहा वर्षांत ते दीड टक्क्याच्या आत आले. ६ ते १४ वर्षे वयोगटातील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण लाखात ०.७० वरून ०.३६ वर उतरल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. लसीने एखादा कर्करोग टळतो, याचा माणसांत मिळालेला हा पहिला ठोस पुरावा. त्याच वर्षी हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने भारतीय बनावटीची लस बाजारात आणली आणि परदेशी लसीची न परवडणारी किंमत झपाट्याने खाली आली.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात जन्मतः एक मात्रा आणि मग सहा, दहा व चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतून तीन मात्रा दिल्या जातात. पुढच्या मात्रा वेळेवर झाल्या तरी चुकलेल्या पहिल्या मात्रेची भरपाई त्यांनी पुरती होत नाही. आईला संसर्ग असल्यास बाळाला लसीसोबत तयार प्रतिपिंडांचे (विषाणूला रोखणाऱ्या प्रथिनांचे) इंजेक्शनही द्यावे लागते. म्हणून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्या सुनेसोबत रक्त तपासणीचे कागद आठवणीने द्यावेत. संसर्ग असलेल्या आईचे ताट-वाटी वेगळी ठेवण्याचे काहीच कारण नाही. जेवणातून वा मिठीतून हा विषाणू पसरत नाही आणि तिने बाळाला अंगावर पाजावे. वस्तरा, सुई, टूथब्रश आणि गोंदणाची अवजारे मात्र सामाईक नसावीत.

आधीच संसर्ग झालेल्यांना लसीचा उपयोग नाही. त्यांतील ज्यांना गरज असते त्यांना टेनोफोव्हिरसारख्या रोजच्या गोळीने विषाणू दाबून ठेवता येतो आणि कर्करोगाचा धोका कमी होतो. ती मनाने बंद करू नये. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांत पूर्ण बरा होतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात या तपासण्या व औषधे मोफत आहेत. त्यांऐवजी कावीळ ‘उतरवून’ घेण्यात घालवलेले महिने यकृताला महागात पडतात.

अफ्लाटॉक्सिन भुईमूग व मक्यावरच्या बुरशीत तयार होते. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमाभागात बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर कर्करोगाला निमित्त होते, आणि सोबत हिपॅटायटिस बी असेल तर धोका कित्येक पटींनी चढतो. काढणीनंतर शेंग कानाशी हलवल्यावर दाणा आत खुळखुळेपर्यंत ती वाळवावी आणि ओल न लागेल अशी साठवावी. काळपट, सुरकुतलेले, कडू दाणे निवडून फेकावेत, कारण भाजल्याने विष पुरते जात नाही. ते दाणे गुरांनाही घालू नयेत. विष दुधात उतरते.

दारूची सुरक्षित मात्रा नाही. फॅटी लिव्हरमध्ये ७ ते १० टक्के वजन उतरले तरी यकृताची सूज कमी होते.

ज्यांना सिरॉसिस (यकृतात व्रण साठून ते कडक होणे) झाला आहे त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, सोबत बहुधा रक्ताची एएफपी (यकृताच्या कर्करोगात अनेकदा वाढणारे प्रथिन) तपासणीही करतात. हिपॅटायटिस सी बरा झाल्यावरही सिरॉसिस असल्यास ही पाळी चुकवू नये. हिपॅटायटिस बी असलेल्या काहींना सिरॉसिस नसतानाही ती लागते. दोन-तीन सेंटिमीटरची गाठ अशा तपासणीतच सापडते, आणि ती कापून किंवा सुईवाटे उष्णता देऊन नष्ट करता येते.