कातळावरून आकाशगंगा टिपायची, तर आधी भरती पाहा

(आमच्याकडून कॅमेरा, लेन्स आणि ट्रायपॉड भाड्याने नेणाऱ्या, तसेच गुहागर ते देवगड किनाऱ्यावर आमच्यासोबत रात्री येणाऱ्या ग्राहकांसाठी)

बुकिंगसाठी येणारे बहुतेकजण अमावास्या मागतात. चंद्र नाही, आकाश गडद, म्हणून. माळरानावर हा हिशेब बरोबर आहे. समुद्रालगतच्या कातळावर तो अपुरा आहे, कारण अमावास्येला उधाणाची, म्हणजे जास्त उंचीची भरती असते. कोणत्या रात्री जायचं हे आम्ही आकाशाआधी पाण्यावरून ठरवतो, आणि का ठरवतो ते या पत्रकात सविस्तर सांगतो.

तिथीची पाऊणपट

कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्येला (पंधरावी तिथी) सव्वाअकराच्या सुमारास. दिवसाही तेवढ्याच वाजता आणि रात्रीही. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटीचा तळ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याच्या दिवशी भरतीचं छापील वेळापत्रक पाहायचंच. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून महिनाभराचा बेत आखायला हा हिशेब पुरतो.

आता तो ऑक्टोबरच्या आकाशाला लावून पाहा. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग वृश्चिक आणि धनु राशींच्या बाजूला आहे. ऑक्टोबरच्या मध्याला रात्री आठच्या सुमारास तो नैर्ऋत्येला, थेट अरबी समुद्रावर असतो आणि दहापर्यंत मावळतो. आपला किनारा पश्चिमेकडे उघडा असल्यामुळे खाली कातळ, मध्ये पाणी आणि वर आकाशगंगा अशी चौकट इथे आपोआप जुळते. वर्षातला हा आमचा सर्वांत आवडता काळ.

पण अमावास्येला संध्याकाळी पाचला सुकती असते आणि तिथून सव्वाअकरापर्यंत पाणी चढत राहतं. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. निम्मं पाणी तिसऱ्या आणि चौथ्या तासात येतं. म्हणजे सात ते नऊ. तुम्ही व्ह्यूफाइंडरमध्ये डोकं घालून बसलेले असता, नेमके तेच दोन तास. पुढचा खडक ओला होताना अंधारात दिसत नाही, आणि मागची सखल घळ आधी भरते. परतीची वाट तिथेच तुटते.

वद्य अष्टमीला उलटं होतं. सहाला भरती पूर्ण होते, तीही भांगाची, म्हणजे कमी उंचीची. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत पाणी ओसरत जातं. चंद्रही मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. आठ ते दहा आकाश पूर्ण काळोखं आणि समुद्र तुमच्यापासून दूर जाणारा. म्हणून आमच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या फेऱ्या वद्य सप्तमी ते दशमी याच रात्रींना असतात. शुद्ध पक्षातली तृतीया-चतुर्थीही पाण्याच्या दृष्टीने सोयीची असते, पण त्या दिवसांत चंद्रकोर वृश्चिक-धनूच्या आसपासच असल्याने आकाशगंगा फिकी पडते.

बाकीचे महिने

मार्चमध्ये हाच भाग पहाटे आग्नेयेला, जमिनीच्या बाजूला दिसतो. एप्रिलच्या मध्याला पहाटे पावणेपाचच्या सुमारास आणि मेच्या मध्याला रात्री पावणेतीनच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवर येतो. वेळणेश्वर-हेदवीकडून दक्षिणेला पाहिलं की जयगडच्या बंदराचा आणि वीजप्रकल्पाचा उजेड मध्ये येतो, म्हणून उन्हाळ्यात आम्ही राजापूर तालुक्यातल्या आंबोळगडला जाणं पसंत करतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या संध्याकाळी मृग, व्याध आणि दक्षिणेला समुद्राजवळ अगस्त्य. ताऱ्यांच्या फिरण्याच्या रेषा टिपायच्या असतील तर किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे तोंड करा. ध्रुव इथे जेमतेम १७ अंशांवर असतो, त्यामुळे वर्तुळांचा खालचा भाग डोंगराआड जातो आणि ते चित्र हिमालयातल्यापेक्षा वेगळं, फार देखणं येतं. जून ते सप्टेंबर आम्ही कातळावर कोणालाही नेत नाही.

कातळावर

उजेड असताना पोहोचा. सूर्यास्ताच्या तासभर आधी जागा पाहून, परतीची वाट पायाखालून घालून ठेवा. खडकावरच्या खुणा वाचता येतात: काळं-हिरवं शेवाळ आणि कालवं जिथवर आहेत, तिथवर पाणी नेहमी येतं. ट्रायपॉड त्या रेषेच्या वर, कोरड्या जांभ्यावर. कालवांच्या कडा पातीसारख्या कापतात, तेव्हा चपला नकोत. बंद, पकड असलेले बूट हवेत.

उभं राहण्याआधी वीस मिनिटं नुसत्या लाटा पाहा. वारा पडलेला असतानाही दूरच्या समुद्रातून उठलेल्या मोठ्या लाटा येतात आणि त्या एकसारख्या नसतात. बऱ्याच वेळाने एखादी बाकीच्यांपेक्षा खूप वर चढते. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचा इशारा देते. तो असेल त्या रात्री आमची फेरी रद्द, पैसे परत.

हेदवीच्या बामणघळीबद्दल दरवर्षी विचारणा होते. भरतीची लाट त्या अरुंद भेगेत घुसून उंच उसळते, आणि त्या तुषारांवर आकाशगंगा हवी असते. आम्ही रात्री घळीच्या काठावर कोणाला नेत नाही. ती उसळी भरतीतच येते, काठ निसरडा असतो आणि उसळी किती उंच येईल ते अंधारात कळत नाही. हे दृश्य दिवसा, लांबून पाहा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची खडकाळ वाटही सुकतीलाच चालण्याची आहे. तिथेही रात्री नाही.

कॅमेरा

१४ ते २० मिमीची लेन्स, एफ/२.८, आयएसओ ३२००, फाइल रॉ. एक्स्पोजर किती सेकंदांचं, यासाठी ५०० भागिले फोकल लेंथ हे सूत्र अनेकांना माहीत असतं. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांना ते सैल पडतं आणि तारे लांबट येतात. ५०० ऐवजी ३०० घ्या: १४ मिमीला २० सेकंद. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर उत्तराला दीडने भागा.

फोकस हाताने. लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा तेजस्वी तारा मोठा करून तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा, मग रिंगला टेप लावा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका.

कातळ काळा आहे, तो २० सेकंदांत काळाच येतो. आमचा सल्ला असा की संधिप्रकाशात, ट्रायपॉड न हलवता, कातळाचे दोन-तीन फोटो काढून ठेवा आणि नंतर आकाशाशी जोडा. जोडलंय हे फोटोखाली लिहा. टॉर्चने खडक उजळवण्यापेक्षा हे कितीतरी नैसर्गिक दिसतं. टॉर्च लाल उजेडाचाच वापरा. नोव्हेंबर ते मार्च पुळणीवरून जाताना तोही खाली धरा: गुहागरसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि पिल्लं उजेडाकडे वळून समुद्राची दिशा चुकतात.

क्षितिजावर मासेमारी बोटींचे दिवे असतातच. ते नंतर पुसून टाकू नयेत असं आम्हाला वाटतं. या समुद्रावर माणसं काम करतात, ते चित्रात दिसू द्यावं. काही वर्षी थंडीत नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवामुळे लाटा निळसर चमकतात. तसं दिसलं तर कॅमेरा खाली वळवा आणि एक्स्पोजर पाच-सहा सेकंदांवर आणा, नाहीतर चमक पसरून जाते.

खारं पाणी आणि सामान परत करणं

तुषार दिसले नाहीत तरी मीठ काचेवर बसतं. कोरड्या फडक्याने घासू नका, ओरखडे पडतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं कापड. ऑक्टोबरपासून दव पडतं, म्हणून प्रत्येक लेन्ससोबत आम्ही गरम राहणारा पट्टा आणि पॉवर बँक देतो, वेगळं भाडं नाही. ट्रायपॉडचे पाय सांध्यांसह गोड्या पाण्याने धुऊन, उघडे ठेवून वाळवा. ते जमणार नसेल तर ओलाच परत आणा आणि तसं सांगा. आम्ही धुऊ, दंड लावणार नाही. न सांगता आवळून ठेवलेला ट्रायपॉड मात्र आठवड्यात गंजतो, आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च तुमच्या भाड्यात वाढवला जातो.

एकटे जाऊ नका. सामान नेताना कोणत्या कातळावर जाणार आणि किती वाजता परतणार हे आमच्या वहीत लिहा, आणि जवळच्या वाडीतल्या कोणालातरी सांगून जा. दिलेल्या वेळेनंतर तासाभरात तुमचा फोन आला नाही, तर आम्ही त्या वाडीत फोन करतो.