विरल मृत्तिका चुंबकांची दरवाढ व विद्युत चलित्रे

विरल मृत्तिका चुंबकांची दरवाढ : विरल मृत्तिका (रेअर अर्थ) गटातील मूलद्रव्ये असलेल्या निओडिमियम-लोह-बोरॉन आणि समेरियम-कोबाल्ट या मिश्रधातूंच्या कायम चुंबकांच्या किमतीत २०१०–११, २०२१–२२ आणि २०२५ या काळांत झालेली वाढ, तसेच तिचे विद्युत चलित्रांच्या (मोटरींच्या) रचनेवर व उत्पादनावर झालेले परिणाम. तिन्ही वाढींची कारणे वेगवेगळी आहेत. मात्र निओडिमियम महागणे आणि चुंबकाला उष्णता सोसावी म्हणून मिसळली जाणारी डिस्प्रोशियम-टर्बियम ही मूलद्रव्ये महागणे या दोन निराळ्या घटना आहेत, ही गोष्ट बहुतेक वृत्तान्तांत निसटते. मोटरींवरील परिणाम समजून घेण्यासाठी हा भेद आधी ध्यानात घ्यावा लागतो.

कायम चुंबकी समकालिक मोटरीत फिरत्या भागात (घूर्णकात) चुंबक बसविलेले असतात. प्रवर्तन मोटरीत घूर्णकातील क्षेत्र विद्युत् प्रवाहाने निर्माण करावे लागते व त्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते; कायम चुंबकामुळे हा व्यय वाचतो आणि तेवढ्याच परिभ्रमण बलासाठी मोटर लहान व हलकी होते. विजेवरील वाहने, थेट जोडणीच्या पवनचक्क्या, दातेरी चक्रांविना चालणारी उद्वाहने (लिफ्ट), यंत्रमानवांचे सांधे आणि इन्व्हर्टर वातानुकूलकांचे संपीडक (कॉम्प्रेसर) हे अशा मोटरींचे मुख्य ग्राहक होत. विजेवरील मोटारगाडीच्या एका मोटरीत साधारणतः एक ते दोन किलोग्रॅम चुंबक लागतो. स्कूटरच्या मोटरीत तो काही शे ग्रॅमच असतो.

उगम : विरल मृत्तिका चुंबकांचा आरंभ सामान्यतः १९६६ पासून धरतात. त्या सुमारास कार्ल स्ट्रनाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी हवाई दलाच्या डेटन (ओहायो) येथील पदार्थ प्रयोगशाळेत इट्रियम-कोबाल्ट संयुगाचे असाधारण चुंबकीय गुणधर्म दाखवून दिले. त्यातून समेरियम-कोबाल्ट चुंबक तयार झाले. ते उत्तम होते, पण समेरियम व कोबाल्ट दोन्ही महाग. मे १९७८ मध्ये झाईरच्या (आताच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या) शाबा प्रांतात कोल्वेझी येथे बंडखोरांनी हल्ला केला. खाणी बंद पडल्या, कोबाल्टचे भाव भडकले आणि कोबाल्टऐवजी लोह वापरता येईल का, या प्रश्नाने प्रयोगशाळांत जोर धरला. निओडिमियम चुंबकाचा जन्मच असा एका दरवाढीतून झाला आहे.

त्याच्या शोधाचे श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. लव्हीव्ह (युक्रेन) येथील चाबान, कुझ्मा व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये निओडिमियम-लोह-बोरॉन प्रणालीचा प्रावस्था आलेख (कोणत्या प्रमाणात कोणते संयुग बनते ते दाखविणारा नकाशा) प्रसिद्ध केला होता. त्यात आज महत्त्वाचे ठरलेले संयुग आढळते, परंतु त्याचे सूत्र किंचित वेगळे (तीन निओडिमियम, सोळा लोह व एक बोरॉन असे) दिलेले आहे आणि चुंबक म्हणून त्याचा विचार झालेला दिसत नाही. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील नॉर्मन कून व बी. एन. दास यांनी १९८१ मध्ये लँथॅनम व टर्बियम मिसळलेल्या लोह-बोरॉन पट्ट्यांत लक्षणीय विचुंबकनरोध (चुंबकत्व घालवू पाहणाऱ्या क्षेत्राला तोंड देण्याची शक्ती) दाखविला. काही अमेरिकी लेखक शोधाची सुरुवात येथून मानतात. जपानमध्ये मासातो सागावा फुजित्सू कंपनीत समेरियम-कोबाल्टवर काम करीत असताना १९७८ पासूनच लोहाधारित चुंबकाचा विचार करीत होते. लोहाचे अणू एकमेकांच्या फार जवळ असल्याने चुंबकत्व टिकत नसावे आणि बोरॉन किंवा कार्बनसारखा लहान अणू मध्ये शिरल्यास हे अंतर वाढेल, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात बोरॉनमुळे जुन्या संयुगाची जाळी फुगली नाही. दोन निओडिमियम, चौदा लोह व एक बोरॉन अशा प्रमाणाचे एक निराळेच संयुग तयार झाले. फुजित्सू सोडून १९८२ मध्ये ते सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये गेले आणि चूर्ण दाबून व तापवून घडविलेला (सिंटरित) चुंबक त्यांनी तेथे सिद्ध केला. जनरल मोटर्समधील जॉन क्रोट यांनी वितळलेला रस फिरत्या चाकावर ओतून क्षणार्धात थिजविण्याच्या पद्धतीने हेच संयुग स्वतंत्रपणे मिळविले. सुमितोमोचा पहिला एकस्व (पेटंट) अर्ज ऑगस्ट १९८२ चा, तर जनरल मोटर्सचा सप्टेंबर १९८२ चा आहे. नोव्हेंबर १९८३ मध्ये पिट्सबर्ग येथील चुंबकत्वविषयक परिषदेत दोन्ही गटांनी आपले काम जाहीर केले.

दोघांना समान श्रेय देण्याचा प्रघात आहे व तो न्याय्य आहे. तथापि मोटरींच्या दृष्टीने पाहता सागावा यांचे काम अधिक निर्णायक मानावे लागते, कारण वाहनांच्या कर्षण (गाडी ओढणाऱ्या) मोटरींत प्रामुख्याने सिंटरित चुंबकच वापरतात. क्रोट यांच्या पद्धतीचे चूर्ण मुख्यतः बहुवारिकात (प्लॅस्टिकसारख्या पदार्थात) मिसळून केलेल्या छोट्या चुंबकांसाठी उपयोगी पडले. जनरल मोटर्सने १९८६ मध्ये अँडरसन (इंडियाना) येथे मॅग्नेक्वेंच ही शाखा काढली. १९९५ मध्ये ती ज्या गटाला विकण्यात आली त्यात चिनी कंपन्या होत्या आणि पुढील दशकभरात तिचे उत्पादन अमेरिकेतून चीनमध्ये गेले. चुंबकनिर्मितीचे ज्ञान पूर्वेकडे जाण्यात या विक्रीचा वाटा किती, याचे मोजमाप अवघड आहे; पण तो नगण्य नव्हता.

उष्णता व डिस्प्रोशियम : निओडिमियम-लोह-बोरॉन संयुगाचे क्यूरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसे होते ते तापमान) सुमारे ३१२° से. आहे. समेरियम-कोबाल्टचे ते ७००° से.च्या वर जाते. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक ८०° से.पर्यंतच निर्धोक मानतात. वाहनाच्या मोटरीत, विशेषतः चढावर किंवा वेग घेताना, १५०° ते १८०° से.पर्यंत तापमान गृहीत धरावे लागते. त्याच वेळी स्थाणुकातील (न फिरणाऱ्या भागातील) विरुद्ध क्षेत्र चुंबकावर दाब आणीत असते. तापमानाच्या प्रत्येक अंशामागे चुंबकाची विचुंबकनाला तोंड देण्याची शक्ती अर्ध्या टक्क्याहून अधिक घटते आणि एकदा चुंबकत्व गेले की मोटर थंड झाली तरी ते परत येत नाही.

यावर उपाय म्हणून निओडिमियमचा काही भाग काढून तेथे डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. डिस्प्रोशियमयुक्त संयुगाचे चुंबकत्व आपल्या स्फटिक अक्षाला निओडिमियमच्या सुमारे दुप्पट चिकाटीने धरून राहते. मात्र डिस्प्रोशियमच्या अणूंचे चुंबकत्व लोहाच्या विरुद्ध दिशेने लागते, त्यामुळे चुंबकाचे एकंदर बल कमी होते. म्हणजे येथे बल देऊन उष्णतारोध घ्यावा लागतो, आणि त्यासाठी वापरायचे द्रव्य निओडिमियमच्या कित्येक पट महाग असते. नेहमीच्या चुंबकात वजनाने सुमारे ३० टक्के निओडिमियम व प्रासिओडिमियम असतात. उच्च तापमानाच्या प्रतींत डिस्प्रोशियम काही टक्केच असते, तरी खर्चात त्याचा भार मोठा पडतो. २००० नंतरच्या दशकात जपानमध्ये विकसित झालेल्या कणसीमा विसरण पद्धतीने हे जड मूलद्रव्य (डिस्प्रोशियम व टर्बियम यांना जड, तर निओडिमियमला हलकी विरल मृत्तिका म्हणतात) फक्त चुंबकातील सूक्ष्म कणांच्या कडेला पोहोचविता येऊ लागले व त्याची गरज बरीच घटली. मात्र ती शून्य झाली नाही.

पुरवठा व भाव : निओडिमियमसारख्या हलक्या मूलद्रव्यांचे साठे अनेक देशांत आहेत. अंतर्गत मंगोलियातील बयान ओबो, कॅलिफोर्नियातील माउंटन पास, ऑस्ट्रेलियातील माउंट वेल्ड ही त्यांची प्रमुख ठिकाणे. जड मूलद्रव्ये मात्र मुख्यतः दक्षिण चीनमधील च्यांगशी व शेजारच्या प्रांतांतील आणि म्यानमारमधील काचिन राज्यातील मातीतून येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये काचिन सशस्त्र संघटनेने पांगवा हा खाणपट्टा ताब्यात घेतल्यावर हा पुरवठा विस्कळीत झाला. खरी अडचण खनिज सापडण्यापेक्षा रासायनिक विलगीकरणाची आहे. ही मूलद्रव्ये एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की द्रव-द्रव निष्कर्षणाच्या शेकडो पायऱ्या कराव्या लागतात आणि त्यातून आम्लयुक्त व काही ठिकाणी किरणोत्सर्गी अवशेष उरतात. हा भार पाश्चात्त्य देशांनी १९९० नंतर अंगावर घेतला नाही. माउंटन पास येथील खाणकाम २००२ मध्ये थांबले.

सप्टेंबर २०१० मध्ये जपान व चीन दोघेही हक्क सांगत असलेल्या सेंकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी नौका व जपानी तटरक्षक जहाजे यांची टक्कर झाली. त्यानंतर चीनमधून जपानकडे जाणारी विरल मृत्तिकांची खेप रोखली गेल्याचे वृत्त आले. ही अधिकृत बंदी होती की सीमाशुल्क विभागातील दिरंगाई, यावर अभ्यासक अजून एकमत नाहीत. त्याच वर्षी चीनने निर्यात कोटा सुमारे ४० टक्क्यांनी कमी केला होता आणि २०११ मधील भडक्याला तोच अधिक कारणीभूत असावा. जागतिक व्यापार संघटनेने २०१४ मध्ये हा कोटा नियमबाह्य ठरविला व २०१५ मध्ये चीनने तो काढून टाकला. तोवर भाव कोसळलेले होते आणि माउंटन पासची मालक मॉलिकॉर्प दिवाळखोरीत गेली. २०२२ च्या आरंभी निओडिमियम-प्रासिओडिमियम ऑक्साइडचा भाव टनाला १० लाख युआनच्या पुढे गेला. ही वाढ मात्र निर्यातबंदीची नसून विजेवरील वाहनांच्या मागणीची होती. पुढील दोन वर्षांत तो निम्म्याच्याही खाली आला.

चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम व इट्रियम यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लागू केला. या यादीत निओडिमियम नाही. तरीही वाहनांच्या मोटरींचे चुंबक अडले, कारण त्यांत डिस्प्रोशियम किंवा टर्बियम असते. युरोपातील डिस्प्रोशियमचा भाव दोन महिन्यांत सुमारे तिप्पट झाला. चीनमधील भाव मात्र तेवढे चढले नाहीत. एकाच द्रव्याचे असे दोन भाव पडणे हे या टप्प्याचे वैशिष्ट्य होय. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झालेले अधिक कडक निर्बंध महिन्याभरात वर्षापुरते स्थगित झाले. एप्रिलचे कायम राहिले.

मोटरींवरील परिणाम : दरवाढीने मोटर किती महागते, याचा ढोबळ हिशेब करता येतो. दीड किलोग्रॅम चुंबकात सुमारे ४५० ग्रॅम निओडिमियम-प्रासिओडिमियम असते. ऑक्साइडचे धातूत रूपांतर करताना होणारी वजनघट आणि कापताना व घासताना जाणारा माल धरून साधारण ७०० ग्रॅम ऑक्साइड लागेल. त्याचा भाव किलोग्रॅममागे ५० डॉलरने वाढला तरी मोटारगाडीवर सुमारे ३५ डॉलरचा बोजा पडतो. एवढ्याने कोणताही कारखाना बंद पडत नाही. मे २०२५ मध्ये फोर्डचा शिकागोतील कारखाना आठवडाभर थांबला, सुझुकीला जपानमधील स्विफ्टचे उत्पादन खंडित करावे लागले, ते चुंबक महागला म्हणून नव्हे, तर मिळेना म्हणून. भारतात आकुर्डी येथे चेतक स्कूटर बनविणाऱ्या बजाज ऑटोलाही ऑगस्ट २०२५ च्या सुमारास उत्पादन कमी करावे लागले. परवान्यासाठी अंतिम वापर लष्करी नसल्याची हमी मागितली जात असल्याने भारतीय आयातदारांचे अर्ज दीर्घकाळ अडकून पडले.

पर्याय म्हणून चार वाटा दिसतात. पहिली, जड मूलद्रव्य टाळणे : होंडा व दाइदो स्टील यांनी २०१६ मध्ये हायब्रिड गाडीसाठी असा चुंबक आणला, आणि टोयोटाने २०१८ मध्ये निओडिमियमचा काही भाग लँथॅनम व सिरियम यांनी बदलण्याची पद्धत जाहीर केली. दुसरी, चुंबकच काढून टाकणे : रेनोची झोई व बीएमडब्ल्यूची आयएक्स-३ या गाड्यांत घूर्णकावर तारेची वेटोळी असतात. टेस्लाने सुरुवात प्रवर्तन मोटरीने केली व २०१७ मध्ये मॉडेल-३ साठी ती कायम चुंबकाकडे वळली. मार्च २०२३ मध्ये विरल मृत्तिकांविना कायम चुंबकी मोटर करण्याचा मानस तिने जाहीर केला, तेव्हा चुंबक कंपन्यांचे समभाग घसरले. तिसरी वाट फेराइट चुंबकाची. त्याचा ऊर्जा गुणाकार (चुंबकाच्या ताकदीचे माप) निओडिमियमच्या सुमारे दशांश असल्याने मोटर जड होते. छतावरच्या पुष्कळ बीएलडीसी (ब्रशविरहित, वीज वाचविणाऱ्या मोटरीच्या) पंख्यांत मात्र फेराइटच असतो, त्यामुळे या दरवाढीची झळ त्यांना फारशी लागलेली नाही. चौथी, केवळ लोखंडी घूर्णकाच्या अनिच्छारोध (रिलक्टन्स) मोटरींची. त्या स्वस्त आहेत, पण काही प्रकारांत आवाज व कंप अधिक होतात आणि नियंत्रक अधिक काटेकोर लागतो. यांपैकी कोणतीही वाट निओडिमियम मोटरीची जागा सर्वत्र घेईल, असे आज म्हणता येत नाही. दुचाकीच्या चाकातच बसणाऱ्या मोटरीत तर जागाच नसल्याने फेराइटकडे वळणे सर्वांत अवघड जाते.

भारत : मुंबईत मुख्यालय असलेली आयआरईएल (पूर्वीची इंडियन रेअर अर्थ्स, स्थापना १९५०) ही सरकारी कंपनी केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनारी वाळूतून मोनाझाइट हे विरल मृत्तिकांचे खनिज काढते. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने हा व्यवसाय अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. त्यातून निओडिमियम मिळते, पण डिस्प्रोशियम अत्यल्प. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइट या टायटॅनियमच्या खनिजाची आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने विशाखापट्टणम येथे उभारलेला चुंबक कारखाना २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, परंतु तो समेरियम-कोबाल्टचा असून त्याची क्षमता वर्षाला ३,००० किलोग्रॅम आहे. हे चुंबक संरक्षण व अवकाश कार्यासाठी आहेत, स्कूटरींसाठी नव्हेत. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वार्षिक ६,००० टन सिंटरित चुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यात ऑक्साइडपासून चुंबकापर्यंतची साखळी अपेक्षित आहे. जड मूलद्रव्यांचा कच्चा माल मात्र देशाबाहेरूनच आणावा लागेल.

पुनर्वापर : जुन्या हार्ड डिस्क व मोटरींतील चुंबक हायड्रोजन वायूच्या संपर्कात आणल्यास त्यांचा भुगा होतो व तो पुन्हा चुंबकासाठी वापरता येतो. ही पद्धत बर्मिंगहॅम विद्यापीठात विकसित झाली. वाहनांच्या मोटरी अजून मोठ्या संख्येने मोडीत आलेल्या नसल्याने तिचा बाजारभावावर परिणाम दिसत नाही.