हातभट्टी

हातभट्टी : परवान्याशिवाय, हाताशी असलेल्या साधनांनी दारू गाळण्याची पद्धत व त्या पद्धतीने गाळलेली दारू. काळा गूळ वा मोहाची फुले पाण्यात आंबवून केलेल्या द्रावास ‘रसायन’ म्हणतात. त्यात बहुधा नवसागर घालतात. नाल्याकाठी किंवा खाडीच्या झुडपांत पुरलेल्या पिंपांतले हे रसायन तापवून त्याची वाफ थंड केली, की दारू मिळते. ‘पहिल्या धारेची’ सर्वांत कडक.

भारतात दारू गाळण्याची कला केव्हापासून आहे, याविषयी एकमत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु हे मद्यप्रकार येतात. तेथील कृती आंबवण्याच्या आहेत, गाळण्याच्या नव्हेत. पाकिस्तानातील चारसड्ड्याजवळच्या शैखान ढेरी येथील मातीच्या भांड्यांवरून पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑल्चिन यांनी ही कला इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासची मानली. त्या भांड्यांचा उपयोग दारूसाठीच होत होता, हे मात्र निर्विवाद नाही. अलाउद्दीन खल्जीच्या (कार. 1296–1316) दारूबंदीत लोक घरी चोरून दारू गाळीत, असे इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो, निश्चित पुरावा म्हणून हा उल्लेख अधिक भरवशाचा वाटतो.

मुंबई इलाख्यात 1878 च्या आबकारी कायद्याने घरगुती गाळपावर टाच आली. 1892 च्या कायद्याने ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 नंतर मुंबईत चोरट्या भट्ट्या फोफावल्या.

सामूहिक विषबाधेचे खापर पुष्कळदा भट्टीवर फुटते. वस्तुतः गूळ आंबवून केलेल्या दारूत मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) नगण्य असते. विक्रोळी (2004) व शंभरावर बळी घेणारी मालवणी (2015) अशा दुर्घटनांमागे औद्योगिक मिथेनॉलची भेसळ असते. ते स्वस्त असते, दिसायला दारूसारखेच. दारू पेटवून पारखण्याची चाल निरुपयोगी आहे, कारण मिथेनॉलही निळसर ज्योतीने जळते.

यकृतात मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड व पुढे फॉर्मिक आम्ल होते. ते रक्ताची आम्लता वाढवते आणि दृष्टिचेतेवर (डोळ्याच्या मज्जातंतूवर) घाला घालते. सुमारे 10 मिलि.ने अंधत्व, तर 30 मिलि.ने मृत्यू येऊ शकतो. लक्षणे बहुधा 12 ते 24 तासांनी दिसतात. सोबत साधी दारू पोटात असल्यास आणखी उशिरा. उलट्या, पोटदुखी, डोळ्यांपुढे पांढरे धुके ही लक्षणे दिसली तरी ‘अजून उतरली नाही’ म्हणून घरचे रुग्णाला झोपवून ठेवतात, आणि उपचाराचे मोलाचे तास तिथेच जातात. फोमेपिझोल हे औषध किंवा मोजून दिलेले इथेनॉल (साध्या दारूतले अल्कोहोल), सोडियम बायकार्बोनेट व डायलिसिस यांनी वेळेत प्राण वाचतात. गेलेली दृष्टी पुष्कळदा परतत नाही.

2019 च्या राष्ट्रीय पाहणी अहवालानुसार देशातील 10 ते 75 वयोगटातील 14.6 टक्के लोक मद्यपान करतात, सुमारे 5.7 कोटींना मद्यसमस्येसाठी मदतीची गरज आहे. रोजच्या हातभट्टीने यकृत निकामी होऊन एकेकटे मरणारे विषबाधेच्या आकड्यांत येत नाहीत. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी असून, तेथे चोरट्या दारूविरुद्धचा लढा मुख्यतः गावोगावच्या स्त्रियांनी चालवला आहे.