पावसाळी मुक्कामाचं नियोजन: कच्चा रस्ता, ओढा आणि तंबू

आमच्याकडून मोटरसायकल (पुढे तिलाच गाडी म्हटलं आहे), तंबू किंवा दोन्ही भाड्याने नेणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक आहे. पुण्याहून शनिवार-रविवारात जाऊन येता येईल असा पट्टा, म्हणजे मावळ, मुळशी, वेल्हे, भोर आणि पूर्वेला पुरंदर, एवढाच यात धरला आहे.

जून ते ऑक्टोबर या काळात निघताना बहुतेकांना तंबू भिजण्याची काळजी असते. तंबू भिजला तर एक रात्र वाईट जाते. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा संध्याकाळी कमरेला लागला, तर परतीचा रस्ताच उरत नाही. म्हणून पाऊस किती पडणार हे नंतर बघा. तो कोणत्या मातीवर पडणार आणि कोणत्या ओढ्याच्या वरच्या अंगाला पडणार, हे आधी बघा.

माती बघून दिशा ठरवा

लोणावळ्यात वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास आणि बारामतीकडे पाचशेच्या आसपास. घाटमाथ्यावर धो धो असेल तर पूर्वेला वळायचं, हा हिशोब त्यामुळे सोपा वाटतो. पण तो अर्धाच आहे. घाटाकडचे कच्चे रस्ते बहुतेक मुरमाचे किंवा दगड मिसळलेल्या तांबड्या मातीचे असतात. त्यावरून पाणी वाहून जातं आणि भर पावसातही चाकाला पकड मिळते. पूर्वेला कऱ्हा आणि नीरेच्या खोऱ्यात काळी माती आहे. तिथे रात्रीतून 15-20 मिलिमीटर पाऊस झाला तरी माती टायरला थर धरते, पुढच्या मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. काठीने उकरून काढली तरी पन्नास फुटांवर पुन्हा तेच. जोर लावून गाडी ओढत राहिलात तर क्लच प्लेटा जळतात.

पूर्वेला जायचंच तर माळरान निवडा. भुलेश्वरच्या डोंगराभोवतीचा मुरमाड माळ किंवा सासवड-नारायणपूर बाजूचे डोंगरउतार चालतील. उपग्रहाच्या नकाशावर उसाचे हिरवेगार पट्टे दिसले की तिथे भारी जमीन समजा आणि त्यातून जाणारी पाणंद टाळा. प्रत्यक्ष रस्त्यावर शंका आली तर ओली माती मुठीत दाबून बोटांमध्ये वळा. भुगा झाला तर पुढे जा. लांब वळी न तुटता निघाली तर तिथूनच मागे फिरा.

महिन्याबद्दल आमचं मत ठाम आहे: जुलैत आणि ऑगस्टच्या पूर्वार्धात घाटमाथ्यावर तंबू ठोकून मुक्काम करू नका. त्या दिवसांत एक दिवसाची फेरी मारा, रात्री घरी या. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा या सहलीसाठी सगळ्यात चांगला, कारण गवत असतं, ओढे उतरलेले असतात, जमीन घट्ट झालेली असते. मात्र उत्तरा आणि हस्ताचा पाऊस वेगळा. सकाळ लख्ख असते, दुपारनंतर ढग चढतात आणि विजांसह तासाभरात सगळं ओतून जातात. या काळात गाडी सकाळी चालवा आणि दुपारी तीनपर्यंत तंबू उभा करा.

अंदाज कधी आणि कसा बघायचा

भारतीय हवामान खात्याच्या इशाऱ्यात पुणे जिल्हा आणि पुण्याचा घाटभाग वेगळे दिलेले असतात. वेल्ह्याला जाणाऱ्याने घाटभागाची ओळ वाचायची. खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून जोरदार पाऊस, 115.6 पासून अतिजोरदार आणि 204.5 पासून अत्यंत जोरदार. मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी होते. शनिवारी सकाळी जाहीर झालेला आकडा म्हणजे शुक्रवारी दिवसभर आणि रात्री पडलेला पाऊस. तुमच्या वाटेवरच्या ओढ्यांत शनिवारी जे पाणी असेल त्याची कल्पना याच आकड्यावरून येते, त्यामुळे तो बघितल्याशिवाय निघू नका.

गुरुवारी संध्याकाळी दोन बेत तयार ठेवा, एक घाटाकडचा आणि एक पूर्वेचा. शुक्रवारी रात्री त्यातला एक पक्का करा. ऑरेंज अलर्ट असेल तर घाटाचा बेत रद्द, रेड अलर्ट असेल तर दोन्ही रद्द. यलो असेल तर ओढा न ओलांडता पोहोचता येईल अशीच जागा निवडा. शनिवारी निघण्यापूर्वी मुक्कामाच्या गावात एक फोन करा. "फरशीवरून पाणी आहे का, एसटी आली का?" एवढंच विचारा. फरशी म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल. एसटी आली असेल तर निदान मोठा रस्ता सुरू आहे.

पावसाळ्यात धबधबे, धरणं आणि काही घाटरस्त्यांवर जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात. वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवल्याचंही अनेकदा झालं आहे. आदेश दर वर्षी बदलतात, तेव्हा त्या आठवड्याची बातमी बघा. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा. रेंज नसेल तर वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की उघड्या माळावर थांबू नका, एकट्या झाडाखाली तर मुळीच नको.

ओढा ओलांडणे

गाडीवर बसून पाण्याचा अंदाज बांधायचा नाही. गाडी स्टँडला लावा, बूट घालूनच काठी घेऊन पलीकडे चालत जा. तळाला हलणारे गोटे आहेत की पक्का कातळ, मध्ये खड्डा आहे का, पलीकडचा चढ किती निसरडा आहे, हे पायांना कळतं. मग खालच्या अंगाला बघा. गाडी पडून वाहू लागली तर ती डोहात जाईल की उथळ पाण्यात अडकेल? खाली डोह, धबधबा किंवा काटेरी झुडपात अडकलेला राडारोडा असेल तर पाणी कमी असलं तरी ओलांडू नका.

पाणी चाकाच्या आसाखाली, संथ, आणि तळ दिसतोय, तर जा. पाणी गढूळ होऊन चढत असेल, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येत असतील, तर वर कुठेतरी पाऊस सुरू आहे. अशा वेळी थांबा. फरशीवरून वाहत्या पाण्याची खोली वीतभर दिसली तरी ते माणसाला पाडतं, आणि कडेचे दगड वाहून गेलेले असले तर वरून कळतही नाही. थांबणं बहुधा फुकट जात नाही. घाटातले लहान ओढे जसे झपाट्याने चढतात तसे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात. काठावर एक दगड पाण्याच्या रेषेला लावून ठेवा आणि अर्ध्या तासाने बघा.

जाताना पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, नजर पलीकडच्या काठावर. क्लच अर्धवट दाबून धरू नका, मध्ये गिअर बदलू नका. एका वेळी एकच गाडी. साथीदाराने गाडीच्या खालच्या अंगाला उभं राहायचं नाही, कारण पडलेली गाडी पाय अडकवून माणसाला दाबून ठेवते. शेवाळलेल्या फरशीवर ब्रेकही नको आणि वळणही नको. बाहेर आल्यावर शंभर मीटर दोन्ही ब्रेक हलके दाबून चालवा, म्हणजे डिस्क कोरड्या होतात.

गाडी पाण्यात पडून बंद पडली तर स्टार्टरला हात लावू नका. एअर फिल्टरवाटे पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर आणा. एअरबॉक्सच्या, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याच्या, खालची ड्रेन नळी उघडा, फिल्टर काढून पिळा. स्पार्क प्लग काढा आणि प्लगच्या भोकापासून तोंड लांब ठेवून स्टार्टर दोन-तीन सेकंद फिरवा. पाण्याचे फवारे यायचे थांबेपर्यंत हे करा. मग ऑइलची काच बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर इंजिन चालू करू नका, ऑइल बदलावं लागेल किंवा टेम्पो बोलवावा लागेल.

गाडीची तयारी

ट्यूबचे टायर असतील तर चिखलात आणि ओल्या दगडांवर पुढे 18-20 आणि मागे 20-22 पीएसआय हवेचा दाब ठेवा. याहून खाली गेलात तर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात, किंवा टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटतो. या हवेवर ताशी साठच्या पुढे जाऊ नका आणि डांबरीवर आलात की पुन्हा भरा. हातपंप आणि हवेचा मीटर आमच्या किटमध्ये आहेत.

मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येत असेल तर ओल्या मुरमाच्या उतारावर करा. बऱ्याच गाड्यांत चावी बंद केली की ते पुन्हा सुरू होतं, म्हणून प्रत्येक थांब्यानंतर तपासा. चिखलातली बारीक वाळू ब्रेक पॅड झपाट्याने खाते. निघताना दोन मिलिमीटरहून कमी जाडी असेल तर पॅड बदलूनच निघा. चेन मुक्कामाला पोहोचताच, गरम असताना पुसून तेल द्या. सकाळपर्यंत थांबलात तर गंज चढतो.

सोबत घ्या: पुढच्या चाकाची एक ट्यूब (21 इंची ट्यूब अडीनडीला मागच्या 17 किंवा 18 इंची चाकातही बसते), तीन टायर लिव्हर, चेनची जोडकडी, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, क्लच केबल, केबल टाय आणि एम-सील (चीर बुजवायचा लगदा). क्रँककेसला, म्हणजे इंजिनच्या ऑइल असलेल्या खालच्या कवचाला, दगड लागून चीर पडली तर गाडी चिरेच्या विरुद्ध अंगाला आडवी करा, म्हणजे ऑइल यायचं थांबतं. तेवढा भाग पेट्रोलच्या फडक्याने पूर्ण कोरडा पुसून मगच एम-सील लावा. तेलकट पत्र्यावर ते धरत नाही.

सामान 20 किलोंच्या आत ठेवा, जड वस्तू खाली आणि पुढे. झोपायची पिशवी आणि रात्रीचे कपडे एका वेगळ्या ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत), तोंड किमान तीन वेळा गुंडाळून. ही बॅग तंबू उभा राहिल्याशिवाय उघडायची नाही. ताडपत्री सगळ्यांत वर. रेन पँट बुटांच्या बाहेरून सोडा, आत खोचलीत तर बुटांत पाणी साचतं.

तंबूची जागा आणि उभारणी

नदीपात्र आणि ओढ्याकाठची वाळू नको. पानशेत, भाटघर, मुळशी अशा धरणांच्या खाली तर अजिबात नको, कारण धरण भरल्यावर विसर्ग वाढवला की पाणी पावसाशिवायही चढतं. उभ्या डोंगराच्या पायथ्याशीही नको. 30 जुलै 2014 ला माळीण आणि 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली, दोन्ही वेळा सततच्या जोरदार पावसानंतर. उतारावर नवी भेग, अचानक फुटलेला गढूळ झरा किंवा कललेली झाडं दिसली तर जागा सोडा, अंधार असला तरी.

भातखाचराच्या बांधावर गाडी घालू नका. बांध फुटला तर खाचरातलं पाणी आणि शेतकऱ्याची लावणी दोन्ही जातं. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथल्या माळावर चिंकारा चरतात, तेव्हा पूर्वेच्या बेतात ती हद्द टाळा. शेतकऱ्याला विचारून, योग्य पैसे देऊन त्याच्या पडीक तुकड्यावर राहणं सगळ्यांत चांगलं. पाऊस वाढलाच तर देवळाचा सभामंडप किंवा शाळेची ओसरी मिळते, पण ते उजेड असताना विचारून ठेवा.

किंचित उताराची जागा घ्या आणि डोकं वरच्या बाजूला करा. आधी 3 बाय 4 मीटरची ताडपत्री बांधा, मग तिच्या आडोशाला तंबू. खालचं कापड तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी बोटभर आत दुमडा. ते बाहेर राहिलं तर छतावरून ओघळणारं पाणी झेलून तुमच्या पाठीखाली आणतं. तंबूत पाणी आल्याची तक्रार आमच्याकडे येते तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं. बाहेरचं कापड आतल्याला कुठेही चिकटू देऊ नका आणि हवेची झडप पावसातही उघडी ठेवा, नाहीतर श्वासाच्या वाफेनेच आतून सगळं ओलं होतं. कातळावर मेखा जात नाहीत. तिथे दोरी मोठ्या दगडाला बांधा आणि तिच्यावर दुसरा दगड ठेवा.

ओलं सरपण पेटत नाही. 230 ग्रॅमचं गॅस कॅनिस्टर दोघांना दोन दिवस खिचडी, पोहे आणि चहाला पुरतं. बंद तंबूत स्टोव्ह कधीच लावू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओढ्याचं पाणी तुरटीने निवळून, गाळून, खळखळून उकळा. पायाला जखम असेल तर झाकल्याशिवाय चिखलात उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लागण तशीच होते. बूट रात्री तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला. या भागात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. साप चावला तर बांधाबांध किंवा चिरा देणं टाळून 108 ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा.

तारीख बदलणे आणि सामान परत करणे

शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या भागाला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर आम्ही तारीख बदलून देतो, पैसे कापत नाही. वाटेतून परत आलात तरी न वापरलेल्या दिवसाचं भाडं पुढच्या वेळी वळतं होतं.

तंबू ओला असेल तर ओलाच आणून द्या. घरी घडी करून ठेवलात तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि वारंवार तसं झालं की कापडाचा आतला थर चिकट होऊन सुटतो. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर आणि चेनवर मारू नका. चिखल वाळू द्या, हाताने मोठे थर काढा, मग साध्या नळीने धुवा.