ताप हे निमित्त, मग कारण कुठलं?

"दादा, पंधरा दिसांमागं पोरगं तापानं फणफणलं हुतं. त्या तापानंच साखर लागली न्हवं ह्याला?"

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर उभी असलेली ही आई हातकणंगल्याची. पोरगा नऊ वर्षांचा, तालमीत जाणारा. रिपोर्टवर साखर ४१२. मी रक्त तपासणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच कागदावर दोन ओळी खाली छापलेलं होतं : एचबीएवनसी ११.४.

आपल्याकडे हिला 'तीन महिन्यांची साखर' म्हणतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि रक्तात जेवढी साखर जास्त, तेवढी ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. ताप पंधरा दिवसांपूर्वीचा. साखर तेव्हाच चढायला लागली असती, तर एवढ्यात हा आकडा ११ पर्यंत पोचला नसता. म्हणजे ताप आला तेव्हा साखर आधीच घरात शिरलेली होती.

निमित्त आणि कारण यांना आपण दोन वेगळे शब्द ठेवलेत, पण बोलताना एकाच्या जागी दुसरा सर्रास वापरतो. मधुमेहात ती गल्लत हमखास होते.

ताप हे निमित्त. अंगात ताप असला की कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन ही संप्रेरकं वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि इन्सुलिन जास्त लागतं. धडधाकट स्वादुपिंड ते पुरवतं. पण ज्याच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी आधीच बऱ्याच मेल्यात, त्याचं तिथंच कोसळतं. मातीची भिंत आतून पोकळ झालेली असते, पुराचं पाणी फक्त टेकतं.

त्या पेशी कुणी मारल्या? टाइप १ मधुमेहात आपल्याच प्रतिकारशक्तीच्या टी पेशी. हे काम महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप चालतं. रक्तात तेवढी त्याची खूण दिसते : गॅड, आयए-२, झेडएनटी८ ही बीटा पेशींतली प्रथिनं किंवा इन्सुलिन यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी. अशा दोन किंवा अधिक अँटिबॉडी सापडलेल्या मुलांपैकी साधारण ७० टक्के मुलांना पुढच्या दहा वर्षांत मधुमेह होतो. सुरुवात शोधायचीच, तर ती अंगणवाडीच्या वयापर्यंतही मागे जाऊ शकते.

आणि विषाणूवरचा खरा संशय त्या सुरुवातीचा आहे, पंधरा दिवसांपूर्वीच्या तापाचा नव्हे. सगळ्यात जास्त बोट आतड्यात वाढणाऱ्या एंटेरोव्हायरसकडे जातं, त्यातही कॉक्सॅकी बी गटाकडे. हा विषाणू ज्या कडीला धरून पेशीत शिरतो, ती कडी बीटा पेशींवर असते. १९७९ साली अमेरिकेत मधुमेहानं दगावलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी-४ वेगळा काढला गेला, तेव्हा खळबळ उडाली. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते मुलांतल्या टाइप १ चं मूळ शोधणारं 'टेडी' संशोधन. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमधल्या मुलांची शौचाची नमुनातपासणी तान्हेपणापासून सातत्यानं केली गेली. २०१९ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की वेगवेगळे संसर्ग किती वेळा झाले याला तेवढं महत्त्व नाही. तोच एक विषाणू महिन्याहून जास्त काळ मुलाच्या पोटात ठाण मांडून बसला, तर अँटिबॉडी उमटण्याशी त्याचा संबंध दिसतो. असा संसर्ग कित्येकदा साध्या सर्दीएवढाच जाणवतो. कुठल्या आईला तो लक्षात राहणार?

तरी याला सिद्ध झालेलं कारण म्हणू नका. एंटेरोव्हायरस जवळजवळ प्रत्येक मुलाला होऊन जातो, टाइप १ फार थोड्यांना होतो. प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकांची घडण त्यात मोठा वाटा उचलते. आणि एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या भावंडांत सगळी जनुकं सारखी असूनही एकाला होतो, दुसऱ्याला कित्येकदा नाही.

जाता जाता : पावसाळ्यात मुलांच्या हाता-पायावर, तोंडात फोड येतात, त्यातही कॉक्सॅकी हे नाव ऐकू येतं आणि पालक घाबरतात. तो बहुतेकदा ए गटातला. आडनाव एक, घराणं वेगळं.

मोठ्या माणसाला तापात साखर १९० आली आणि तीन महिन्यांची ५.५ निघाली, तर ते बहुधा तापापुरतंच. बरं झाल्यावर पुन्हा तपासायचं.

मुलांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट उलटी असते. उलट्या, पोटदुखी, सुकलेली जीभ बघून घरचे म्हणतात, व्हायरल असेल, गॅस्ट्रो असेल. गॅस्ट्रोत अंगातलं पाणी गेलं की लघवी कमी होते. मधुमेहाच्या कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होत जातं तेव्हा, पोर सुकत चाललेलं असतं आणि तरी सारखं लघवीला पळतं. श्वास खोल लागतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. बोटाला टोचून साखर बघायला मिनिटसुद्धा लागत नाही.

रिपोर्ट हातात द्यायच्या आधीच मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तिथूनच थेट दवाखान्यात यायला सांगितलं. आई पदर सावरत निघाली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"अंथरूण वलं कराय लागलंय ते बेंदराच्या आधीपासनं, दादा. आमी म्हटलं, पावसाचा गारठा."